न पडलेला बोगदा

शांताराम उतेकर कुणाला नमस्कार करत नसत. सकाळी साइट ऑफिसच्या दारात यायचे, चिखलाने भरलेले गमबूट बाहेरच्या दगडावर आपटायचे आणि माझ्याकडे बघून विचारायचे, "भाऊसाहेब, काल किती होतं?"

मी कालचा कागद काढून आकडा वाचायचो. ते खिशातली वही उघडून आजचा आकडा सांगायचे. दोन्हींतला फरक पेन्सिलीने लिहायचे, आणि त्या फरकावर त्यांचा दिवसभराचा चेहरा ठरायचा. फरक कालच्यापेक्षा कमी असला तर चहा मागायचे. जास्त असला तर समोर ठेवलेला चहासुद्धा तसाच राहायचा, वर साय धरायची.

मी महाडचा. ज्या कारखान्याच्या ऑफिसात अठरा वर्षं काढली तो बंद पडला, आणि चाळिशी उलटल्यावर पुन्हा अर्ज करत फिरायची वेळ आली. त्या सुमाराला पोलादपूरच्या डोंगरातून पाण्याचा बोगदा निघाला होता. कापड्याच्या बाजूने आणि महाडच्या बाजूने, असा दोन्हीकडून तो खणायचा होता. डोंगरापलीकडचं पाणी इकडच्या कारखान्यांना मिळणार होतं. कंत्राटदार कंपनीला इंग्रजी-मराठी टायपिंग येणारा कारकून हवा होता. मी कापड्याच्या बाजूच्या ऑफिसात लागलो. दगडातलं मला काही कळत नव्हतं. जे कळलं ते उतेकरांमुळे कळलं, आणि त्याचा उपयोग मी कसा केला ते पुढे येईलच.

त्यांचं काम साधं होतं. नरम दगडात भोक पाडलं की डोंगर ते भरून काढायला बघतो. भिंती आत येतात, छत खाली येतं, रोज थोडं थोडं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं. हे होणारच असतं. ते कधी थांबणार, आणि थांबणार नसेल तर काय करायचं, एवढाच प्रश्न असतो. उतेकरांनी दर दहा मीटरवर भिंतीत आणि छतात पाच-पाच खुंट्या ठोकल्या होत्या, त्यांना छोटे आरसे लावलेले. रोज सकाळी यंत्र लावून ते त्या आरशांमधली अंतरं मोजायचे. अंतर कमी झालं म्हणजे भिंत आत आली. त्याचा आलेख काढायचे. चांगला आलेख सुरुवातीला भरभर चढतो आणि मग आडवा होत जातो. आडवा झाला की डोंगर बसला.

"किती आलं ते मला सांगू नका," ते नव्या इंजिनिअरांना म्हणायचे, "कसं येतंय ते सांगा."

हा नियम ते सगळ्यांना लावायचे. एकदा मी बोलता बोलता म्हटलं, माझी साखर एकशे ऐंशी निघाली. त्यांनी विचारलं, "मागच्या महिन्यात?" मी म्हटलं, दीडशे. "त्याच्या मागच्या महिन्यात?" मला आठवेना. ते वही मिटून आत गेले. संध्याकाळी जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाले, "दोन आकड्यांवर माणूस कळत नाय, भाऊसाहेब. तीन तरी पायजेत." तेव्हापासून माझे रिपोर्ट मी फाइलला लावून ठेवतो.

पंचवीस वर्षं त्यांनी उत्तरेकडच्या बोगद्यांत काढली होती. तिकडची एकही गोष्ट सांगत नसत. मी रोजचा अहवाल टाइप करताना चार पूर्णांक तीन दशांशचं सोयीसाठी नुसतं चार केलं, तर ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि तो कागद मशीनमधून स्वतः ओढून काढला. मी म्हटलं, "उतेकर, तीन दशांश मिलीमीटर म्हणजे नखाच्या जाडीएवढंही नसेल." ते म्हणाले, "एकदा मीपण असंच सोडलं होतं. हिमाचलात." मी वाट बघितली. त्यांनी कागद परत माझ्यासमोर ठेवला. मी पुन्हा टाइप केलं.

बोगद्यात शिरल्यावर प्रत्येक जण वर बघतो. साहेब, मजूर, पाहुणे, सगळे. उतेकर तेवढे खाली बघून चालायचे. भिंतीच्या कडेने पाणी बाहेर काढायला नाली खणलेली होती, तिच्या काठाकाठाने मान खाली घालून जायचे. झारखंडच्या मजुरांनी त्यांचं नाव नाली बाबू ठेवलं होतं. पैसे पडलेत का बाबू, असं विचारून हसायचे. तेही हसायचे. मान मात्र वर करायचे नाहीत.

कापडे हे त्यांचं स्वतःचं गाव. बाहेर जन्म काढून शेवटची नोकरी घराच्या दारात मिळाली, म्हणून पहिल्यांदा सगळं गाव खूश होतं. पोरांना चिकटवतील, ट्रॅक्टर लावून देतील असं लोकांना वाटलं. मी त्यांच्या घरी दोन-तीनदा जेवलो. त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, माणूस घरी आल्याचा आनंदही होता आणि वैतागही. "सारा जन्म घरात नव्हते," त्या मला वाढता वाढता म्हणाल्या, "आता हायत तर भिंती मोजतात. बाई कशी हाय ते इचारत नाय, चौकट सरळ हाय का ते बघतात."

गावाचं आणि त्यांचं बिनसलं ते त्यांच्याच चुलतभावावरून. बाळाराम उतेकरांच्या घराच्या भिंतीला तडा गेला. सुरुंगाने गेला, कंपनीने भरपाई द्यावी, असा अर्ज झाला आणि मागोमाग आणखी सात घरांचे अर्ज आले. कंपनीने शांतारामांनाच पाहणीला पाठवलं. सबनीस साहेबांचा, म्हणजे आमच्या प्रकल्पप्रमुखांचा, त्यात हिशेब होता. गावचाच माणूस काय ते सांगेल.

उतेकरांनी तड्यावर प्लास्टरच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या. तडा वाढला तर पट्टी तुटणार. रोज कामावर येण्याआधी त्या बघून यायचे. महिनाभर बघितलं, सुरुंगाने एकही पट्टी तुटली नाही. मग ओट्यावर जमलेल्या लोकांसमोर सांगितलं की हा तडा जुना आहे, उन्हाने उघडतो, पावसाने मिटतो. बोगदा इथून लांब आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही.

बाळाराम उठून उभा राहिला. "दादा, तू माझा भाव की कंपनीचा?"

"तडा कुणाचा भाव नसतो रे."

"तुझ्या एका सहीनं आठ घरांचं भलं झालं असतं. तुझ्या बापाचं काय जात होतं?"

"खोटं लिवलं असतं तर उद्या माझं खरंपण कुणी वाचलं नसतं," उतेकर म्हणाले.

लोक उठून गेले. त्यानंतर त्या घरी कुणी हळदी-कुंकवाचं बोलावणं घेऊन आलं नाही.

गावाला जे कळलं नाही ते मला माहीत आहे, कारण तो कागद मी टाइप केला. त्याच महिन्यात डोंगरावरच्या धनगरवाडीतला झरा आटला. उतेकर तीन वेळा वर चढून गेले, आणि लिहून दिलं की हा झरा बोगद्याने ओढला आहे, वाडीला दुसरीकडून पाणी देणं कंपनीवर बंधनकारक आहे. सबनीस साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि उजव्या बाजूच्या खणात ठेवला. "बघू," म्हणाले. साहेब पुण्याचे, बोलायला फार गोड. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. वाडीतल्या बायका अजून खाली उतरून पाणी नेतात.

आता त्या लाल थराचं सांगतो.

आंबेनळीच्या रस्त्याला डोंगर कापलेला आहे तिथे काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये एक लाल पट्टा दिसतो. येणारे-जाणारे तिथे फोटो काढतात. उतेकरांनी त्या पट्ट्याचा उतार मोजला, आणि हाच थर आपल्या बोगद्यात कुठे लागेल ते सहा महिने आधी लिहून दिलं. हाताने चुरा होईल असा तो दगड. ओला झाला की चिखल. ते म्हणाले होते त्याच्यापासून चार-पाच मीटरवर थर लागला. कुणी त्यांचं कौतुक केलं नाही, कारण तोवर तो कागद कुणाच्या लक्षात नव्हता.

पहिला आठवडा बरा गेला. भिंती आत आल्या, मग वेग कमी झाला, आलेख आडवा व्हायला लागला. साहेबांनी काम जोरात घ्यायला सांगितलं. दोन्ही बाजूंची भेट कधी होणार ती तारीख वर कळवून झाली होती.

एका दुपारी उतेकर ऑफिसात आले. हातात वही नव्हती. "भाऊसाहेब, टोपी घाला. चला माझ्यासंगती."

"मी कशाला? मला काय कळतंय?"

"कळायला नकोच हाय. बघायला पायजे. माझ्याशिवाय आणखी कुणीतरी बघितलेलं पायजे."

आत गेलो. लाल थराच्या जागी भिंतीवर फवारलेलं काँक्रीट स्वच्छ होतं, कुठे भेग नाही. माझं लक्ष अर्थातच वर. त्यांनी माझा दंड धरून मला नालीपाशी उकिडवं बसवलं. खिशातून आंब्याचं एक वाळकं पान काढलं आणि पाण्यावर सोडलं. पान तोंडाकडे, म्हणजे बाहेरच्या उजेडाकडे, वाहत जायला हवं होतं. ते जागच्या जागी फिरत राहिलं. मग सावकाश उलटं, आतल्या बाजूला सरकलं.

"तळ फुगलाय," ते म्हणाले. "छत पकडून ठेवलंय, बाजू पकडून ठेवल्यात, म्हणून डोंगर खालनं येतोय. पायथा सुटला की बाजू सुटणार. मग छत."

"किती दिवस आहेत?"

"उद्याचा आकडा बघू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कालचा आकडा विचारला नाही. आडवा होत आलेला आलेख पुन्हा वर वळला होता. आम्ही दोघे तो कागद घेऊन साहेबांकडे गेलो.

साहेबांनी चष्मा लावून पाहिलं. "उतेकर, एकूण सरकणं तर मर्यादेच्या आत आहे."

"साहेब, एकूण नका बघू. काल परवाच्या निम्मं होतं, आज कालच्या दुप्पट हाय. पुढच्या दोन दिवसांत काय होईल ते माझ्यानं सांगवत नाय."

"म्हणजे तुम्हाला खात्री नाही."

"खात्री पटंल तवा आत माणसं असतील."

साहेब म्हणाले, संध्याकाळी बोलू. उतेकर संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत. करारात एक कलम होतं, मोजणीवाल्याला धोका वाटला तर त्याने लेखी देऊन माणसं बाहेर काढावीत. असं कलम सगळ्या करारांत असतं आणि ते कुणी वापरत नाही. उतेकरांनी माझ्या टेबलावरून कागद घेतला, चार ओळी लिहिल्या, माझ्याकडून आवक-नोंदीचा शिक्का मारून घेतला आणि आत गेले. बावीस माणसं बाहेर आली. मग ते बोगद्याच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. दोन दिवस बसले होते. सुमनवहिनी डबा घेऊन यायच्या.

कागद शिक्क्यासकट नोंदला गेल्यावर साहेबांना तो नाकारता येईना. पुढचे तीन आठवडे उतेकरांच्या म्हणण्याप्रमाणे काम झालं. बाजूंना लांब बोल्ट मारले, जाळी लावून पुन्हा काँक्रीट फवारलं, तळ खोदून त्यात उलट्या कमानीसारखं काँक्रीट भरलं आणि बोगद्याचं कडं खालून बंद केलं. पुढे एका वेळी तीनऐवजी एकच मीटर खणायचं आणि लगेच तळ बंद करायचा. सकाळचा फरक रोज कमी होत गेला. एका सकाळी त्यांनी दोन कप चहा घेतला. त्या दिवशी आम्हाला वाटलं, सुटलो.

बोगदा पडला नाही. तिथेच सगळं बिघडलं.

तीन आठवडे का गेले याचं उत्तर वर द्यायचं होतं. दिल्लीहून एक सल्लागार आले. सोबत दोन माणसं. आमच्याच ऑफिसात टेबलं जोडून बैठक झाली. बोलणं लिहून घ्यायला मी कोपऱ्यात होतो. सल्लागारांनी सगळे आलेख पसरले. मधला तो चढ मर्यादेच्या आतच होता, आणि पुढे ते सुंदर आडवे झालेले होते.

"क्या गिरा?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," साहेब म्हणाले.

"कोई ज़ख्मी?"

"नाही."

"तो रोका क्यों?"

उतेकर हिंदीत सांगायला लागले. थांबवलं म्हणून पडलं नाही, हे वाक्य त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगून पाहिलं. दर वेळी ते आणखी पोकळ वाटायला लागलं. जे झालंच नाही ते झालं असतं हे सिद्ध कसं करणार? तळ फुगल्याचा पुरावा त्यांनीच काँक्रीटखाली पुरून टाकला होता. शेवटी ते नालीचं सांगायला लागले. पाणी उलटं गेलं म्हणाले. सल्लागारांसोबतचा एक जण हसला.

"ये किसी और ने देखा?"

"भाऊसाहेबांनी बघितलं," उतेकर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. निर्धास्तपणे बघितलं.

सबनीस साहेबही माझ्याकडे वळले. "तुम्ही पाहिलंत का?" त्यांनी अगदी हळुवारपणे विचारलं. "नसेल आठवत तर राहू दे. तुमचं काही ते क्षेत्र नाही."

माझी मुलगी त्या वर्षी बारावीला होती. मी पंचेचाळीस वर्षांचा होतो. हे मी कारण म्हणून सांगत नाही; त्या क्षणी डोक्यात जे आलं ते सांगतो आहे. मी म्हणालो, "मी ऑफिसात असतो, सर. आतलं मला काही कळत नाही."

खोटं एकही अक्षर नव्हतं त्यात. तेही मी लगेच जोखलं होतं.

आठ दिवसांनी पत्र निघालं. टाइप मीच केलं. अपुऱ्या आधारावर काम थांबवून कामगारांमध्ये अनावश्यक भीती पसरवल्याबद्दल त्यांची सेवा समाप्त करण्यात येत होती. 'अनावश्यक' हा शब्द साहेबांनी पेनाने वरून घातला होता. उतेकर माझ्या टेबलासमोर उभे राहून पत्र वाचत होते. दुसऱ्या परिच्छेदापाशी थांबले, खिशातून पेन्सिल काढली.

"हा आकडा चुकलाय. बारा नाय, बारा पूर्णांक चार." त्यांनी तो सुधारला आणि पोच म्हणून सही केली.

मी म्हणालो, "उतेकर, मला त्या दिवशी..."

"भाऊसाहेब, पान तुम्ही बघितलं होतं ना?"

"बघितलं होतं."

"उलटं गेलं होतं ना?"

"हो."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. "चार दिवस मला वाटायला लागलं होतं, मलाच दिसलं का काय."

गमबूट कंपनीचे होते. ते त्यांनी धुऊन स्टोअरला जमा केले आणि स्लिपर घालून घरी गेले.

गावात त्यांची कुणी विचारपूस केली नाही. बाळाराम नाक्यावर म्हणत होता, "भावाला सोडून कंपनीची बाजू घेतली, आता कंपनीनंपण सोडला." मी एकदा घरी गेलो तेव्हा सुमनवहिनींनी दारातच सांगितलं, ते नाहीत. आत खोकल्याचा आवाज मला ऐकू आला. वहिनींनी तो लपवायचा प्रयत्नही केला नाही. "त्यांना नाय भेटायचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही आमच्यात जेवलात, भाऊसाहेब. मी वाढलंय तुम्हाला."

वर्षभराने महाडच्या बाजूने खणताना तोच लाल थर लागला. या वेळी काही थांबलं नाही. पहिल्या दिवसापासून एकेक मीटर खणणं, लगेच तळ बंद करणं, एकूण सरकण्यापेक्षा रोजच्या वेगावर लक्ष ठेवणं, सगळं ठरवून झालं. सल्लागारांनी ती पद्धत लिहून दिली होती आणि अहवाल माझ्याकडे टायपिंगला आला. सोळावी सूचना अशी होती: नालीतील प्रवाहाच्या दिशेची दररोज पाहणी करावी. मी ती टाइप केली. एकही चूक झाली नाही.

पाणी सोडण्याच्या दिवशी मांडव घातला, शाली झाल्या. सल्लागारांना मोठं सन्मानचिन्ह मिळालं. सबनीस साहेब भाषणात म्हणाले की इतक्या नाजूक दगडात एकही दुर्घटना न होता काम पूर्ण झालं, हे नियोजनाचं यश आहे. आकडे खरे होते. एकही माणूस मेला नव्हता. मी व्यासपीठाच्या कडेला हारांची ताटं सांभाळत उभा होतो. मग दरवाजा उचलला आणि पाणी आत शिरलं. आता त्या बोगद्यात कुणी जाणार नाही. तळाचं ते काँक्रीट, भिंतीतल्या खुंट्या, सगळं कायमचं पाण्याखाली गेलं. बावीस माणसं कुठल्या कुठे दुसऱ्या कामांवर असतील. आपण कशातून वाचलो ते त्यांना ठाऊक नसणार.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बायको आणि मुलीला घेऊन मी महाबळेश्वरला निघालो होतो. कापड्याच्या पुढे रस्त्याच्या कडेची टेकडी कापून बंगल्यांचे प्लॉट पाडायला घेतलेत. मोठी पाटी लागली आहे. रस्त्यापलीकडे कुणी खाजगी मोजणीवाला तिवईवर यंत्र लावून वाकलेला होता, आणि अलीकडे, भातखाचराच्या बांधावर, एक माणूस आरसा लावलेली काठी धरून उभा होता. एका हाताने काठी, दुसरा हात सरळ खाली. उतेकर होते. केस पुरते पांढरे झाले होते.

मी गाडी तिथेच थांबवली आणि उतरलो. काय बोलायचं ते इतक्या दिवसांत मी बरंच जुळवून ठेवलं होतं. त्यांच्यापासून चार हातांवर जाऊन उभा राहिलो. "उतेकर," मी म्हटलं.

काठी सरळ आहे का ते दाखवणाऱ्या, तिच्यावरच्या पाण्याच्या बुडबुड्यावरून त्यांनी नजर काढली नाही. बुडबुडा मध्यावर होता.

"भाऊसाहेब," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "गाडी जरा पुढे घ्या. लाइन अडतेय."

मी गाडी पुढे घेतली. पुढे वळणावर थांबायला भरपूर जागा होती. मी थांबलो नाही.